पहिल्या नंबराची मिरवणूक

आमच्या अप्पांना आनंद झाला की तो साऱ्या गल्लीला ऐकू गेलाच पाहिजे. घरात विजेचा पहिला दिवा लागला तेव्हासुद्धा त्यांनी नादस्वरम आणि तविलाचा ढोल वाजवणारे बोलावले होते. तंजावूरच्या राजवाड्यामागे बाळकृष्णराव म्हणजे मोठा आवाज, हे कुणालाही विचारा.

त्या वर्षी मद्रासच्या डॉक्टरांच्या एका संघटनेनं वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी निबंधस्पर्धा ठेवली. विषय, अत्यवस्थ रुग्णाची देखभाल. मी तेव्हा तंजावूरच्याच मेडिकल कॉलेजात शिकत होते; मी धनुर्वातावर लिहिलं. अशा रोग्याला अंधार हवा आणि शांतता हवी. खोलीत चमचा पडला तरी झटका येतो आणि श्वास अडकतो. चमच्याचं ते वाक्य अप्पांनी पाठ केलं आणि भेटेल त्याला ऐकवत सुटले. डोक्यात किती शिरलं, देव जाणे!

निबंधातली बाई खरी होती. राजम, तिरुवैयारुजवळच्या खेड्यातली, बाळंतपणानंतर धनुर्वात झालेली. वॉर्डाच्या टोकाच्या खोलीत, काळ्या पडद्यांआड, कानांत कापूस घालून आम्ही तिला ठेवलं होतं. नवरा सुब्रमण्यम बाहेर बाकावर बसून असे. बादलीची कडी वाजू नये म्हणून त्यानं तिला चिंधी गुंडाळली होती. झटके कमी होत आले होते. एवढा आठवडा निघू दे, मग बाळाला आणून दाखवू, असं मी त्याला सांगून बसले होते.

त्या दुपारी मी राजमच्या उशाशी होते. लांबून तविल ऐकू आला. लग्नाची वरात असेल, देवळाकडे वळेल, अशी मी मनाची समजूत घातली. वरात वळली नाही. ती इस्पितळाच्या फाटकातून आत आली, आणि वाजंत्रीच्याही वर एक आवाज चढला.

"पहिली! माझी लेक मद्रासेंत पहिली आली!"

धावत जाऊन त्यांचं तोंड दाबावं असा संताप आला, पण राजमचा जबडा आवळत चालला होता, तिला सोडून जाणार कशी? बाहेर सुब्रमण्यमची पळती पावलं ऐकू आली. मी इंजेक्शन दिलं. तिची पाठ खाटेवरून उचलली गेली. तोंडावर मास्क धरून मी रबरी पिशवी दाबत राहिले. हवा आत जाईना. तिची नजर माझ्यावरच होती. या रोगात शुद्ध जात नाही.

वाद्यं एकदम थांबली. मी दाबतच होते. बऱ्याच वेळानं तिच्या छातीवर कान ठेवला.

दार हळूच उघडलं. अप्पा एका हातात चपला, दुसऱ्यात हार घेऊन चवड्यांवर आत आले. त्यांच्यामागे सुब्रमण्यम, घामाघूम, वाजंत्री थांबवली म्हणून सुटकेचं हसू तोंडावर.

"निजली काय गे ती?" अप्पा कुजबुजले. जन्मात पहिल्यांदाच इतकं हळू बोलले असतील.

"मोठ्यानं बोला, अप्पा," मी म्हणाले. "आता चालेल."