कानातला आकडा

धाकट्याच्या कानात एक बाई बोलायची. पळायला लागलं की थोड्या थोड्या वेळाने ती त्याच्या काळजाचे ठोके सांगायची. नुसता आकडा, ना शाबासकी ना चौकशी. तिला स्वतःला कधी धाप लागत नसे, त्यामुळे चढावर तिचा जरा रागच यायचा. डोळस माणूस मनगटावरच्या घड्याळात बघून घेतो. धाकट्याची दृष्टी शाळेत असतानाच गेली होती, म्हणून त्याच्या वाट्याला ही बाई आली.

यंत्र निवडताना दुकानदाराने बराच वेळ घेतला होता. मनगटावरचं घड्याळ कातडीवर उजेड पाडून ठोके मोजतं, पण हात जोरात हलला की त्याची गफलत होते आणि ते ठोक्यांऐवजी पावलंच मोजत बसतं. त्यात धाकट्याच्या मनगटाला दोरी. दोरीचं दुसरं टोक दादाच्या मनगटाला, कारण आंधळ्या धावपटूला शेजारी वाटाड्या लागतो आणि दादाशिवाय दुसरा वाटाड्या त्याला कधी ठाऊकच नव्हता. पहिली दोरी म्हणजे दादाच्या बुटाची नाडी होती. तेव्हा दोघंही हाफ चड्डीत होते.

"मग छातीचाच पट्टा घ्या," दुकानदार म्हणाला होता.

"एक नको, दोन द्या," सराव घेणाऱ्या मॅडमनी सांगितलं. "वाटाड्याचा दम पळणाऱ्यापेक्षा दांडगा हवा. मला दोघांचं काळीज माहीत हवं." अशा रीतीने एकाच जातीचे दोन पट्टे घरात आले. धाकट्याचा आकडा त्याच्या कानात, दादाचा दादाच्या घड्याळात. मॅडम रोज विचारायच्या, दादा रोज आकडा सांगायचा. दादाचं घड्याळ उलटून बघण्याची गरज कुणालाच वाटली नाही.

निवड चाचणी महिन्यावर आली आणि कानातली बाई बिथरली. साधी अंग मोकळं करायची फेरी चालू असताना ती एकदम दोनशेच्या वर जायची, तिथून धपकन खाली यायची, पुन्हा वर. धाकट्याला तर काहीच होत नव्हतं. त्याने मॅडमना सांगितलं. त्यांनी त्याला तिथल्या तिथे थांबवलं.

मग सुरू झाली दुरुस्ती. पट्टा कोरडा राहत असेल म्हणून पाणी लावून बांधला. सैल असेल म्हणून आवळला, इतका की श्वास घ्यायची पंचाईत. सेल बदलला. बनियन अंगाला घासून गडबड करतं म्हणून सुती घातलं. मग पट्टा धुतला, कारण घामाचं मीठ साचतं म्हणे. बाई ढिम्म. गंमत अशी की व्यायामशाळेत ट्रेडमिलवर तो एकटा पळाला की ती शहाण्यासारखी वागायची आणि मैदानावर आली की पुन्हा येरे माझ्या मागल्या.

"असा आकडा असताना मी तुला उतरवणार नाही," मॅडम म्हणाल्या. "आधी डॉक्टर."

डॉक्टरांनी छातीला तारा लावल्या, पळायला लावलं, पुन्हा तारा लावल्या. काळीज घोड्याचं आहे, म्हणाले. परत येताना दादा खूप हसला. इतका का हसतोय, असं धाकट्याला वाटून गेलं. पण आनंद झाला असेल, म्हणून त्याने सोडून दिलं.

राहता राहिलं यंत्र. ते घेऊन दोघं दुकानात गेले. दादा गाडी लावायला मागे थांबला. दुकानदाराने पट्टा स्वतःच्या छातीला बांधला, दोनदा उठाबशा काढल्या, बाईचं म्हणणं ऐकून घेतलं.

"यात काही खोट नाही हो."

"मग मैदानावर आकडा कुणाचा सांगते?"

"जवळ जो पट्टा चालू असेल त्याचा," दुकानदार सहज म्हणाला. "सुरू करताना जो आधी सापडतो त्यालाच हे धरून बसतं. सुरू कोण करतं? तुम्ही?"

सुरू दादा करायचा. मैदानावर पोचलं की धाकट्यासमोर वाकून तो दोरीची गाठ मारायचा आणि त्याच हाताने धाकट्याच्या कमरेला लावलेल्या यंत्राचं बटणही दाबायचा. त्या वेळी दादाची छाती यंत्राला जवळजवळ टेकलेली असायची. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असला सगळा प्रकार चालला होता.

तरी खात्री हवी. दुसऱ्या दिवशी सरावानंतर घरी आल्यावर धाकट्याने आपला पट्टा काढून आतल्या खोलीत ठेवला. दादा स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून पाणी पीत होता, त्याचा पट्टा अजून छातीलाच होता. धाकटा त्याच्या शेजारी जाऊन बसला आणि त्याने यंत्र सुरू केलं.

"एकशे ब्याऐंशी," बाई म्हणाली.

दादा पाण्याचा पेला तोंडाला लावून बसला होता, बस. थोड्या वेळाने ती म्हणाली, एकशे नव्वद. मग एकशे चाळीस. मग पुन्हा एकशे नव्वद. धाकट्याने कानातला बोंडा काढून दादाच्या कानात घातला.

दादाने दोन आकडे ऐकले आणि बोंडा काढून परत दिला.

"कधीपासून?" धाकट्याने विचारलं.

"पावसाळ्यापासून. येतं आणि जातं रे."

"मॅडमना काय सांगायचास?"

"तोंडाला येईल ते." दादाने पेला खाली ठेवला. "ऐक. डॉक्टरने मला थांबवलं तर तुझ्याबरोबर कोण पळणार? नवा माणूस लावायचा, त्याचं पाऊल जुळायचं, तोवर ही चाचणी गेली. पुढच्या चाचणीपर्यंत वय राहील का तुझं? चाचणीच्या दिवशीच दुपारी डॉक्टरला दाखवतो. शब्द देतो."

इथे धाकट्याने नाही म्हणायला हवं होतं. घरात वहिनी होती, तिला हाक मारली असती तर एका वाक्यात निकाल लागला असता. पण माणसाला एखादी गोष्ट फार हवी असली की त्याला दुसऱ्याचा शब्द लगेच खरा वाटतो. त्याला ती चाचणी हवी होती. तो म्हणाला, "बरं. पण बाई माझ्या कानात तुझा आकडा सांगेल. मी थांब म्हटलं की थांबायचं."

"थांबेन की," दादा म्हणाला.

चाचणीच्या सकाळी दादाने वाकून गाठ मारली आणि बटण दाबलं. बाई म्हणाली, शहाऐंशी. धाकट्याला इतकं हायसं वाटलं की त्याचे डोळे भरून आले.

पहिल्या फेऱ्या छान गेल्या. दोघांची पावलं एकत्र पडत होती, वळण आलं की दादा हलकेच "डावं" म्हणायचा. पुढचे दोघे दमलेत हे धाकट्याला त्यांच्या श्वासांवरून कळत होतं. एकाला त्यांनी मागे टाकलं. मग बाई म्हणाली, दोनशे चार.

धाकट्याने वेग कमी केला. दादाने दोरी पुढे ओढली. "काय झालं? चल ना." शब्द तुटत होते. दोनशे अकरा. पुढचं वळण आलं आणि दादाने डावं म्हटलंच नाही. इतक्या वर्षांत तो एकदाही विसरला नव्हता. धाकट्याचं पाऊल रेषेबाहेर गवतावर पडलं.

"दादा, थांब."

"शेवटची फेरी आहे. दुसरा आहेस तू. पळ."

दोरी सुटली की शर्यत बाद, हा नियम दोघांनाही पाठ होता. धाकट्याने चालत्या पायांनी बोटांनी गाठ चाचपली, आपल्या मनगटावरचा फास ओढून काढला आणि दोरी टाकून दिली. मग तो मैदानाच्या मधोमध, कशाचाही आधार नसताना, उभा राहिला. दादाची पावलं थोडी पुढे गेली, अडखळली, आणि काहीतरी जड खाली पडल्याचा आवाज आला.

माणसं धावली. स्ट्रेचरची चाकं खडखडली. "बाजूला व्हा, बाजूला व्हा," कुणीतरी ओरडत होतं आणि धाकट्यालाच बाजूला केलं गेलं. बाई आकडे सांगत होती. एकशे अठ्ठ्याण्णव. दोनशे दोन. चाकांचा आवाज लांब गेला. मग ती म्हणाली, "पट्टा सापडत नाही."

धाकट्याला समजेना, पट्टा दूर गेला की ठोकेच थांबले. बाईला विचारण्यात अर्थ नव्हता, तिला दोन्ही सारखंच. तो चाकांच्या दिशेने हात पुढे करून पळत सुटला आणि कशावर तरी आपटला. मॅडमनी त्याचा दंड धरला.

"मला त्याच्याजवळ न्या," तो म्हणाला. "अगदी जवळ. बोलू नका."

मॅडम त्याला घेऊन पळाल्या. पट्टा सापडत नाही. त्यांचं पाऊल त्याच्याशी जुळत नव्हतं, दोनदा तो ठेचकाळला. पट्टा सापडत नाही. रुग्णवाहिकेचं इंजिन ऐकू येऊ लागलं, दार सरकल्याचा आवाज झाला. धाकट्याने हात लांब केला. त्याला लोखंडी दांडा लागला, मग चादर, मग दादाचं मनगट. दोरी अजून तिथेच बांधलेली होती.

"एकशे एकाहत्तर," बाई म्हणाली.

धाकट्याने दोरीचं मोकळं टोक शोधून आपल्या मनगटाला गुंडाळलं आणि तो आत चढला.