चावडीची पोर

प्राध्यापक लीला मोकाशी यांना उभ्या आयुष्यात लोकांनी एकच प्रश्न विचारला, पुरावा काय? सांगलीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायला आलेल्या त्या पहिल्या बाई. तेव्हा स्टाफरूममधल्या पुरुषांनी विचारलं, बाई पोरांना आवरू शकेल याला पुरावा काय. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड मिळावं म्हणून त्यांनी मोर्चा नेला, तेव्हा टेबलामागच्या साहेबानं विचारलं, नवऱ्यानं टाकलंय याला पुरावा काय. लीलाबाईंनी नुसतं खिडकीकडे बोट दाखवलं. खाली रस्ताभर बायका फतकल मारून बसल्या होत्या. कार्डं मिळाली. आता सत्तरी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी सुंभ जळला पण पीळ जात नव्हता, आणि तो प्रश्नही पाठ सोडत नव्हता.

या खेपेला विचारणारा होता वीरधवल निकम. उंब्रजहून आत डोंगराकडे वळलं की आंबेखिंड लागतं, तिथला. पंचायत समिती भोगून झाली होती, आता डोळा जिल्हा परिषदेवर होता. निवडणूक आली की माणसाला आपला आजा आठवतो. वीरधवलचा आजा म्हणजे क्रांतिवीर गुंडाजी निकम. त्रेचाळीस साली इंग्रजांना धाब्यावर बसवून इकडच्या गावांनी आपलं स्वतःचं सरकार चालवलं, त्यातला भूमिगत कार्यकर्ता. पोलिसांनी त्यांना चावडीत डांबून पट्ट्यांनी फोडून काढलं, पण बंदुका कुठं लपवल्यात ते त्यांनी सांगितलं नाही आणि त्यामुळे बाकीचे साथी वाचले, हे गावातली शाळकरी पोरंसुद्धा घडाघडा सांगत. पडक्या चावडीच्या जागी वीरधवलनं आता स्मारक बांधलं होतं आणि हीच हकिकत काळ्या दगडावर कोरून घेतली होती.

लीलाबाईंच्या नव्या पुस्तकात मात्र वेगळंच होतं. गुंडाजी त्या वेळी उसाच्या फडात लपून बसले होते. चावडीत मार खाल्ला तो त्यांच्या बायकोनं, बनाबाईनं. बंदुका कडब्याच्या गंजीत घातल्या तिनं, आणि तोंड उघडलं नाही तेही तिनंच. ती सुटून आली तेव्हा निकमांनी तिला घरात घेतलं नाही. पोलिसांच्या ताब्यात रात्री काढलेली बाई घरात कशी घ्यायची? तिला माहेरी धाडलं. गुंडाजींचं दुसरं लग्न झालं, पुढे ताम्रपट आला, पेन्शन आली, आणि बनाबाईचं नाव कुणाच्या तोंडी उरलं नाही.

पुस्तक आलं आणि वीरधवलनं प्रकाशकाला नोटीस धाडली. प्रकाशक काही बनाबाई नव्हता, त्यानं पहिल्या फटक्याला विक्री थांबवली. मग लीलाबाईंना निरोप आला, की स्मारकाच्या उद्घाटनाला या, गावासमोर पुरावा द्या, नाहीतर पुस्तकातलं ते प्रकरण मागं घेतलं असं गावासमोरच सांगा. लीलाबाईंनी येते म्हणून कळवलं. ज्या गावाबद्दल लिहायचं त्या गावासमोर उभं राहायची तयारी पाहिजे, हे त्यांनी वर्गात इतक्या वेळा बजावलं होतं की आता नाही म्हणायची सोयच नव्हती.

गाडी प्रियंका चालवत होती. कुपवाडची पोरगी, लीलाबाईंची विद्यार्थिनी, आता स्वतः कॉलेजात इतिहास शिकवते. इस्लामपूर मागं पडलं तसा तिचा संयम सुटला.

"मॅडम, पुरावा माझ्या मोबाइलमध्ये आहे. कॅसेटवरून मीच उतरवून घेतलाय. बनाबाई स्वतःच्या तोंडानं सांगतायत. एकदा ऐकवा आणि विषय संपवा."

"ऐकवायचा नाही."

"म्हणजे काखेत कळसा ठेवून आपण गावासमोर हात जोडून उभं राहायचं?"

"का नाही ऐकवायचा ते तुला माहीत आहे," लीलाबाई म्हणाल्या.

प्रियंकाला माहीत होतं. बनाबाई माहेरी गेली त्याच्या पुढच्या साली तिला मुलगी झाली, अंजना. गावानं बोटं मोजली आणि तिला नाव ठेवलं, चावडीची पोर. ही अंजना आता ऐंशीच्या घरातली. नवरा वारल्यावर, पोटी मूलबाळ नसलेली बाई म्हणून, ती बापाच्या गावाला आली आणि निकमांनी तिला मळ्यातली एक खोली दिली. दिली म्हणजे राहू दिली. लीलाबाई फार वर्षांपूर्वी बनाबाईच्या माहेरी टेपरेकॉर्डर घेऊन गेल्या होत्या, तेव्हा ती बोलली होती ते सगळं या लेकीला धरूनच. तो ओंगळ शब्द तिनं स्वतःच्या तोंडानं उच्चारला होता आणि वर 'व्हय' म्हणाली होती. एवढा एक 'व्हय' गावाला पुरला असता. पुढचं कुणी ऐकलंच नसतं. म्हणून पुस्तकातसुद्धा लीलाबाईंनी अंजनाचं नाव येऊ दिलं नव्हतं.

"तेवढा भाग कापून ऐकवू," प्रियंका म्हणाली.

"कापलेला पुरावा हा पुरावा नसतो. मीच शिकवलंय ना तुला?"

"अंजनाबाईंना कधी विचारलंत का, चालेल का म्हणून?"

"काय विचारू? लोक तुमच्याबद्दल काय बोलत होते ते ठाऊक आहे का, असं? ऐंशी वर्षांच्या बाईला?" लीलाबाईंचा आवाज चढला. "जन्मभर मी बायकांना छप्पर मिळवून देत आले. हिचं आहे ते छप्पर माझ्या पुस्तकासाठी काढून घेऊ?"

प्रियंकानं समोरच्या ट्रकला ओलांडून गाडी पुढं काढली. पण बाई कधी नव्हे त्या तापल्या म्हणजे त्यांना स्वतःलाही कुठंतरी खुपतंय, हे तिच्या लक्षात आलं होतं.

आंबेखिंडीत मांडव भरला होता. भोंग्यावर पोवाडा लागला होता, फेट्यांची गर्दी होती. वीरधवल लगबगीनं पुढं आला, वाकून पाया पडला आणि वाकल्या वाकल्याच हळू म्हणाला, "मॅडम, पोरं लय तापल्यात. मी धरून ठेवलंय म्हणून बरं. दोन वाक्यं बोला, चूक झाली म्हणा, जेवून जावा. बासुंदी सांगितलीय."

धमकी आणि बासुंदी एकाच दमात देणारा माणूस राजकारणात पुढं जाणार, यात लीलाबाईंना शंका उरली नाही. पण मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या पोरांपैकी कुणी त्यांच्याकडे बघून हसत नव्हतं. बंदोबस्ताचा एकुलता एक हवालदार मोबाइलमध्ये मान घालून बसला होता.

भाषणं झाली. दगडावरचा पडदा बाजूला झाला, टाळ्या झाल्या. मग वीरधवलनं माइक हातात घेतला. "मंडळी, आमच्या आज्याला भित्रं ठरवणारं एक पुस्तक निघालंय. लिहिणाऱ्या मॅडम हितं हायत. आपण त्यांचा मान राखू. पण आधी बनाआजीची सख्खी लेक काय म्हणती ते ऐका. या आत्या."

बायका मांडवाच्या पार मागं, देवळाच्या पायरीशी बसल्या होत्या. त्यांच्यातनं एक वाळकी, उंच म्हातारी उठली आणि फेट्यांच्या मधनं वाट काढत स्टेजवर आली. लीलाबाईंनी तिला पहिल्यांदाच पाहिलं. तीच बनाबाईची पुढं आलेली हनुवटी, तीच ताठ मान. वीरधवलनं तोंडापुढं धरलेल्या माइकमध्ये ती सपाट आवाजात म्हणाली, "माज्या आयनं मला ह्यातलं कवा काय सांगितलं न्हाई."

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. तिला खाली जायला कुणी सांगितलं नाही, म्हणून ती स्टेजच्या कडेला तशीच उभी राहिली.

"ऐकलंत, मॅडम?" वीरधवल म्हणाला. "आता तुमचा पुरावा."

लीलाबाई उठल्या. "बनाबाईंनी मला जे सांगितलं ते मी लिहिलं," त्या म्हणाल्या. "त्यातला एक शब्द मी मागं घेणार नाही."

"पुरावा हाय का न्हाई?" मांडवातून कुणीतरी ओरडलं.

"आहे."

"मग दावा की."

"दाखवणार नाही."

आधी हशा पिकला. हशा ओसरला तसा गोंगाट चढला. 'माफी मागा, माफी मागा' असं पोरांनी एका तालात सुरू केलं. पाण्याची एक भरलेली बाटली भिरभिरत आली आणि लीलाबाईंच्या खांद्याला लागून टेबलावर आपटली. प्रियंका धावत स्टेजवर चढली. हवालदारानं मान वर केली आणि परत खाली घातली. जन्मभर मिळवलेलं सगळं या मांडवात आता मातीला मिळणार, उद्या पेपरात येणार, खोटारडी प्राध्यापिका म्हणून आपलं नाव होणार, हे लीलाबाईंना लख्ख दिसत होतं आणि त्यांना भीती वाटत होती. एक बटण दाबलं की हे सगळं थांबलं असतं. त्यांनी कडेला उभ्या असलेल्या म्हातारीकडं पाहिलं आणि प्रियंकाचा मोबाइल धरलेला हात खाली दाबला.

वीरधवलनं पोरांना हातानं गप्प केलं. आता तो रंगात आला होता. "दाखवू नका, मॅडम. निदान सांगा तरी कसला पुरावा हाय. कागुद हाय? फोटू हाय? का सपान पडलं हुतं?"

"आवाज आहे," लीलाबाई म्हणाल्या. रागाच्या भरात तोंडातून निघून गेलं. "बनाबाईंचा स्वतःचा आवाज आहे माझ्याकडे."

कडेची म्हातारी वळली. हात पुढं करून, अंधारात चालल्यासारखी ती लीलाबाईंपर्यंत आली.

"माज्या आयचा?"

"होय, आक्का."

"आय बोलती त्यात?"

"बोलतात." लीलाबाईंनी माइकवर हात ठेवला आणि आवाज खाली आणला. "पण आक्का, त्यात तुमच्याबद्दलही आहे. लोकांनी काही वाईट शब्द... ते चारचौघांत ऐकवण्यासारखं नाही. म्हणून मी..."

"चावडीची पोर. त्येच न्हवं?"

माइकवर हात होता, पण तो पुरता झाकला नव्हता. शब्द भोंग्यातून मांडवभर गेला. पोवाड्याला माना डोलावणारी माणसं आता पायाकडं बघायला लागली. वीरधवलच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"आवं बाई, परकर नेसत हुते तवापासनं मला ठावं हाय ते," अंजना म्हणाली. तिचा आवाज अजून तसाच सपाट होता. "पाणवठ्यावर ऐकलं. लग्नात मांडवाखाली ऐकलं. मालक गेलं तवा मयताला आलेल्यांनी बी ऐकवलं. गावाला ठावं, मला ठावं. तुमी कुणापासनं झाकून ठिवलंय?"

बायकांना विचारा, त्यांच्या वतीनं ठरवू नका, हे लीलाबाईंनी किती व्यासपीठांवरून सांगितलं होतं. आणि या बाईला मात्र त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. खांद्याला बसलेल्या बाटलीपेक्षा हे जास्त लागलं. त्यांना लाज वाटली, आणि ती लपवावी असंही वाटेना.

"चुकलं माझं, आक्का," त्या म्हणाल्या.

ज्या माफीसाठी मघापासून मांडव ओरडत होता ती मागून झाली होती, पण मांडवाला ती कळली नाही.

"ती जाऊन तीस वरसं व्हत आली," अंजना म्हणाली. "मला तिचा आवाज आठवत बी न्हाई आता. रातीला उगी आठवायला बगती, येतच न्हाई. तुमच्याकडं हाय नि मला कुणी सांगितलं न्हाई. लावा."

वीरधवल पुढं सरकला. "आत्या, घरी जाऊन ऐकू की. निवांत. हितं समद्यांम्होरं कशाला? आपल्या घरच्या गोष्टी हायत."

"घर तुजं हाय, बाबा. आय माजी हाय."

"आत्या, मग मला बी काय तरी इचार करावा लागंल."

त्याचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला कळला. अंजनालाही कळला. तिनं मान हलवली, जणू एवढंच राहिलं होतं. "खोलीत माजी एक पेटी हाय नि दोन पातेली. सांजंला न्हेती," ती म्हणाली आणि प्रियंकाकडे वळली. "लाव गं."

प्रियंकानं लीलाबाईंकडे पाहिलं. लीलाबाईंनी मान डोलावली. मग तिनं मोबाइल माइकला टेकवला.

आधी नुसती खरखर आली. कुठंतरी मागं म्हैस ओरडली, भांडं वाजलं. मग बनाबाई बोलायला लागली, तीही तशीच सपाट आवाजात. लेकीनं आवाज कुठून आणला होता ते सगळ्या मांडवाला कळलं.

"पट्ट्यानं हाणायचं नि इचारायचं, बंदुका कुटं हायत. मी म्हणायची, बंदूक म्हंजी काय असतंय, सायेब? की परत हाणायचं. मालक फडात हुतं, मला ठावं हुतं. त्येंचं बी नाव घेतलं न्हाई. सुटून आले तर सासूनं उंबऱ्याच्या आतनंच भाकरी दिली नि म्हणली, म्हायेरला जा. मालक सोप्यात बसलं हुतं. वर बगितलं न्हाई त्येंनी.

"मग अंजी झाली. लोकं म्हणली, चावडीची पोर. मी म्हणलं, व्हय, चावडीचीच हाय. तितं मी गप ऱ्हायले म्हणून ह्या गावातली माणसं जित्ती ऱ्हायली. त्या जाग्याचं नाव माज्या लेकीला लागलं तर काय वंगाळ झालं? बापाचं नाव लावून तरी काय मिळणार हुतं तिला?"

परत खरखर आली आणि आवाज थांबला. मागं दगड उभा होता, त्यावर गुंडाजींनी सोसलेल्या मारानं अजून सगळी जागा अडवली होती. वीरधवलनं माइकवाल्याला बोटानं खूण केली. माइकवाल्यानं हात मशीनवर नेला आणि तो तिथंच ठेवून तो म्हातारीकडं बघत राहिला.

अंजनानं पदरानं डोळे पुसले नाहीत. तिनं माइक हातात घट्ट धरला होता.

"पुन्यांदा लाव गं पोरी," ती म्हणाली. "बायका पार मागं बसल्यात. त्यास्नी नीट ऐकू आलं नसंल."