तोर्दो टेकडीची बाराची गाडी

तोर्दो टेकडीवरच्या गाडीला एदेल्मिरा जन्मात कधी घाबरली नव्हती. बापाने तिला पहिल्यांदा त्या गाडीतून वर नेलं तेव्हा ती दुपट्यात होती. मोठ्या भूकंपात अर्ध्या वाल्पाराइसो शहराची घरं डोंगरावरून खाली आली, पण गाडी आपली जागच्या जागी राहिली. अशा गाडीला कोण घाबरणार? पण गेले तीन आठवडे बारा वाजत आले की तिला त्याच गाडीची भीती वाटायची.

वरच्या स्टेशनात यंत्र चालवायचा तिचा नवरा, क्लोदोमिरो. एकतीस वर्षं तेच काम. एका जाड तारेला दोन गाड्या, एक वर चढली की दुसरी खाली उतरणार, आणि दोन्ही गाड्यांतल्या माणसांचा जीव त्या एका माणसाच्या हातात.

तीन आठवड्यांपूर्वी, रविवारी, जेवताना तो फुटबॉलच्या सामन्याची हकिगत सांगत होता. चमचा तोंडाशी नेला आणि थांबला. डोळे उघडे, पण डोळ्यांत कुणीच नाही. ती दोनदा म्हणाली, "क्लोदो? अरे क्लोदो?" पाणी आणायला ती उठली, तोवर तो म्हणाला, "आणि तो गोल मुळी झालाच नव्हता!" आणि चमचा तोंडात घातला.

"कुठे गेला होतास तू?"

"कुठे म्हणजे? इथेच बसलोय की तुझ्यासमोर. डोळे फुटले का तुझे?"

त्याच आठवड्यात आणखी दोनदा तसंच झालं. मग मात्र त्याने तिला मारियामातेच्या तसबिरीपुढे उभं केलं. "सात महिने राहिलेत, एदे, माझ्या निवृत्तीला. सात महिने तोंड शिवून बस. कामावरच्या डॉक्टरच्या कानावर गेलं तर मला उद्या स्टेशन झाडायला लावतील. मला. क्लोदोमिरोला!" तिने शपथ घेतली. घेतली आणि स्वतःच्या झोपेला मुकली. बाई खमकी होती, शेजारपाजारच्या चार भांडणांत न्याय करणारी, पण नवऱ्यापुढे तिचं काही चालायचं नाही.

त्यावर तिने तिच्या अकलेप्रमाणे एक उपाय काढला. पूर्वी ती जेवणाचा डबा खालच्या खिडकीत तिकीटवाल्या मिरेयाकडे द्यायची आणि घरी जायची. आता ती स्वतःच डबा घेऊन बाराच्या गाडीत बसायला लागली. बायको गाडीत आहे म्हटल्यावर तो ताठ बसेल, लक्ष ठेवील, असं तिला वाटायचं. बाकीच्या दिवसभरात साठ फेऱ्या व्हायच्या. त्यांचं काय, हा विचार तिने मनाच्या दाराबाहेर उभा करून ठेवला होता.

"म्हातारपणी प्रेम उतू चाललंय हो मावशी!" मिरेया खिडकीतून हसली. "आज काय आहे डब्यात?"

"कोंबडीचं कासुएला. मका आणि भोपळा घालून. तुला ठेवलंय घरी वाटीभर."

"देव तुमचं भलं करो!" मिरेयाने घंटेची दोरी ओढली. एक लांब ठोका म्हणजे गाडी तयार. मग दोन छोटे ठोके म्हणजे बायको येतेय, जेवायची तयारी कर. हे त्या दोघींचं आणि क्लोदोचं खासगी होतं. वरून एक ठोका आला की निघायचं.

वरून ठोका आला नाही.

एदेल्मिराने गाडीच्या दारात डबा छातीशी धरला. मिरेयाने पुन्हा दोरी ओढली. बऱ्याच वेळाने वर एकदा घंटा वाजली.

"कानात मळ साठलाय तुमच्या नवऱ्याच्या," मिरेया म्हणाली. "तेल घाला रात्री."

तेव्हाच उतरायचं होतं. पण रोसाउरा आधीच आत बसली होती, एदेल्मिराच्या भिंतीला भिंत लागून राहणारी. मांडीवर आठ महिन्यांची नात. समोरच्या बाकावर वेन्सेस्लाओ, गोदीतून निवृत्त झालेला तोंडाळ म्हातारा. दारापाशी कॅमेरेवालं परदेशी जोडपं, वरच्या सज्ज्यातून बंदराचे फोटो काढायला निघालेलं. या सगळ्यांदेखत काय म्हणून उतरणार? रोसाउराने बाजूला सरकून तिला जागा दिली. दार लागलं. गाडीने एक हिसका दिला आणि ती चढायला लागली.

फळ्यांच्या फटीतून खालची घरं लहान व्हायला लागली. परदेशी बाई आनंदाने चीत्कारली.

"अजून वर जाऊ द्या, बाईसाहेब," वेन्सेस्लाओ म्हणाला. "वरून पाहिलंत की आमच्या गावाची घाण दिसत नाही, नुसता समुद्र दिसतो. म्हणूनच आम्ही वर राहतो."

रोसाउरा हसली. एदेल्मिरा हसली नाही. मध्यावर दुसरी गाडी शेजारून खाली गेली, रिकामी. तिथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे जांभळ्या घराचा सज्जा यायचा, मग अंजिराचं झाड. अंजिरापाशी क्लोदो वेग कमी करायचा. एकतीस वर्षांत गाडी अंजिरापाशी हळू झाली नाही असा दिवस नव्हता. डोळे मिटूनही तिला ते कळायचं, कारण फळ्यांचा आवाज खाली बसायचा.

जांभळा सज्जा गेला. अंजिराचं झाड आलं.

आवाज खाली बसला नाही.

होईल, आता होईल, असं ती मनात म्हणाली. अंजिराचं झाड मागे पडलं. यंत्रापाशी पायाखाली एक पट्टी होती. माणसाचा पाय सुटला की पट्टी वर येणार आणि गाडी जागच्या जागी थांबणार, हे खुद्द क्लोदोनेच तिला लग्नाआधी फुशारकीने दाखवलं होतं. पण आठ आठ तास पट्टी दाबून कुणाचे गुडघे राहतात? तोर्दोवरचे सगळे यंत्रवाले त्या पट्टीवर वजन ठेवायचे, कुणी दगड, कुणी लोखंड. गेल्या हिवाळ्यात क्लोदोचा गुडघा सुजला तेव्हा एदेल्मिराने शिडाच्या कापडाची पिशवी शिवली, त्यात सात किलो वाळू भरली, आणि कडेने निळी शिवण घालून त्याला वाढदिवसाला दिली. आता वर त्याचे डोळे उघडे असतील आणि डोळ्यांत कुणीच नसेल. आणि पट्टी मात्र दाबलेलीच असेल. तिच्याच हातच्या पिशवीने.

वरच्या स्टेशनचं काळं तोंड मोठं होत होतं.

बाकाखाली लाल दांडा होता. तो ओढला की गाडीचे चिमटे रुळांना पकडणार. दांड्याला शिशाची मोहर. मोहर तुटली की चौकशी, आणि चौकशी म्हणजे डॉक्टर. सात महिने, तोंड शिवून बस, मारियामाता. तिचा हात दांड्यावर गेला आणि तिथेच राहिला. ओढवेना. आता हळू होईल, क्लोदो आता जागा होईल. शेजारी रोसाउराची नात तिच्या डब्याच्या झाकणाशी खेळत होती.

तिने दांडा ओढला.

किंकाळीसारखा आवाज झाला, माणसं एकमेकांवर कोसळली, कासुएला सगळ्यांच्या पायांवर सांडलं. गाडी थांबली. वरच्या भिंतीत आणि गाडीत चार हातांचं अंतर होतं. पोर रडायला लागली, म्हणजे पोर जिवंत होती.

वरच्या दारातून क्लोदोमिरो बाहेर आला. रुळांच्या कडेच्या पायऱ्या धरत धरत गाडीपाशी उतरला. चेहरा पिठासारखा पांढरा. "कुणी ओढला? कुणी ओढला तो दांडा?" मग त्याला बायकोचा हात दिसला, अजून दांड्यावरच.

वेन्सेस्लाओने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. काय झालं ते त्याला कळलं नव्हतं, पण शेजारी अडचणीत आहे एवढं कळलं. "अहो, धक्का आला!" तो मोठ्याने म्हणाला. "केवढा धक्का! घाबरून ओढला बिचारीने."

त्या गावात कप फुटला, भिंत कलली, कामावर उशीर झाला, सगळं धक्क्यावर घालतात. जमीन तिथे बसता उठता हलते, त्यामुळे कुणी खोडून काढत नाही.

"हो तर," रोसाउरा पोरीला थोपटत म्हणाली. "मलाही जाणवला. आम्ही सगळे सांगू चौकशीत. तुम्ही घोर लावून घेऊ नका, क्लोदोभाऊ."

क्लोदोमिरोच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "धक्काच," तो म्हणाला. "मी वेग कमी केलाच होता. पण धक्क्यापुढे कुणाचं काय चालतं! होय ना गं एदे?"

हो म्हणणं किती सोपं होतं. संध्याकाळपर्यंत नवी मोहर लागली असती. उद्या सकाळी पुन्हा साठ फेऱ्या.

"धक्का आला नाही," एदेल्मिरा म्हणाली. "याला झापड येते. बसल्या जागी जातो आणि परत येतो, त्याला कळतही नाही. आज तसंच झालं. तीन आठवडे होतंय हे."

परदेशी माणसाने कॅमेरा खाली केला.

"तीन आठवडे?" रोसाउरा म्हणाली. "तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मी रोज हिला घेऊन बसते या गाडीत. परवा मी पायऱ्यांनी निघाले होते, तर तूच म्हणालीस, गुडघे जातील गं, गाडीने जा." तिने पोरीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं, एदेल्मिरापासून लांब. "तूच म्हणालीस."

एदेल्मिरा खरंच म्हणाली होती.

तो आता ओरडेल, शपथेवरून बोलेल, म्हणून तिने नवऱ्याकडे पाहिलं. पण क्लोदोमिरो पायरीवर खाली बसला होता आणि आपल्या हातांकडे बघत होता.

"मी वेगाची मूठ मागे घेतली होती," तो हळूच म्हणाला. "मला आठवतंय ना."

"नाही घेतलीस, क्लोदो."

त्याने मान वर केली. एवढ्या वर्षांत तिने त्याला घाबरलेलं पाहिलं नव्हतं. "किती वेळ गेलो होतो गं मी?"

"पुष्कळ वेळ," ती म्हणाली. त्याच्यापाशी जायला ती उठली, पण दारात रोसाउरा उभी होती आणि ती बाजूला झाली नाही.