दाईला कुणी विचारलं?

चिमणी हे तिचं खरं नाव नव्हतं. उंचीनं जेमतेम, अंगानं काटकुळी, म्हणून नाटक कंपनीत कुणीतरी तिला चिमणी म्हटलं आणि ते कायमचं चिकटलं. पन्नाशी जवळ आली तरी ती चिमणीच राहिली. रंगमंचावर तिनं शाळकरी मुलगी केली, खाष्ट म्हातारी केली, माकड केलं, एकदा तर बोलणारं टेबल केलं. सिनेमात मात्र तिला पहिलं काम मिळालं ते यंत्राचं, आणि तेही अभिनयासाठी नाही, मापासाठी. यंत्राचा सूट तिच्याच अंगाला बसत होता.

सिनेमाची गोष्ट साधी होती. एका घरात कामाला एक यंत्र आणतात. मुलांची आई अचानक जाते आणि ते यंत्रच मुलांना वाढवतं. मुलं त्याला दाई म्हणतात. वाढवता वाढवता दाईच्या आत काहीतरी जागं होतं. मग मुलं मोठी होतात, घरात नवं यंत्र येतं, आणि शेवटी थोरला मुलगा दाईच्या मानेमागचं बटण दाबून तिला बंद करतो. बटण दाबायच्या आधी दाई आपण होऊन मान खाली घालते आणि म्हणते, "तुमची सेवा करता आली. धन्यवाद."

हे वाक्यसुद्धा चिमणीच्या तोंडी नव्हतं. दाईचा आवाज नंतर एक नामांकित नटी देणार होती.

"चेहरा दिसणार नाही, आवाज तुमचा नाही," दिग्दर्शकानं पहिल्याच दिवशी तिला समजावलं. तो तिच्यापेक्षा बराच लहान, बोलायला अतिशय नम्र आणि तेवढाच हेकट होता. "तुम्ही फक्त हालचाल द्या, ताई. भावना आम्ही संगीतातून आणू."

"म्हणजे मी काय, हँगर?" ती नंतर साचेवाल्या काकांना म्हणाली. सूट त्यांनीच घडवला होता आणि रोज तिला त्यात घालायचं आणि त्यातून काढायचं काम त्यांच्याकडेच होतं.

"हँगरला शिंक येत नाही," काका म्हणाले. "तुला आत शिंक आली तर आधी सांग. मुखवट्याची जाळी पुसायला अर्धा तास जातो."

ती हसली, पण दिग्दर्शकाचं ते वाक्य तिच्या मनात सलत राहिलं. चेहरा नाही, आवाज नाही, म्हणजे भावना नाही? तिच्या घरात याचं रोज उलटं घडत होतं.

घरात ती आणि तिची आई, दोघीच. आईला झटका येऊन गेला होता. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली, चेहरा जसाच्या तसा थिजलेला. भेटायला येणारे तिच्याशी एक तर बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून बोलायचे, नाहीतर ती खोलीत नाहीच असं समजून तिच्याविषयी बोलायचे. चिमणीला मात्र सगळं वाचता यायचं. आई खुशीत असली की तिचा डावा अंगठा चादरीची कड चोळत राहायचा. चिडली की डाव्या पायाची बोटं आखडायची. हवं असेल ते ती डाव्या हातानं ओढून घ्यायची, नको असेल ते ढकलून द्यायची.

चिमणीनं हे सगळं सूटमध्ये नेलं. मुलं झोपी जातात त्या प्रसंगात दाईचा अंगठा पांघरुणाच्या कडेवरून हळूहळू फिरत राहिला. दिग्दर्शक मॉनिटरसमोरून उठून आला.

"हे कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही. झालं आपलं."

त्यानं तो शॉट पुन्हा एकदा पाहिला आणि ठेवून घेतला.

त्याच आठवड्यात दादा आणि वहिनी घरी आले. दादानं एक रंगीत पत्रक आईच्या पलंगावर ठेवलं. गावाबाहेर एक संस्था होती, अशा आजारी माणसांची देखभाल करणारी. खोल्या स्वच्छ, नर्स चोवीस तास.

"तिला आता काही कळत नाही गं," दादा म्हणाला.

"हळू बोल. तिला ऐकू येतं."

"तू अशीच बोलतेस. भावनेच्या भरात."

"मग कशाच्या भरात बोलू? आई आहे ती."

वहिनीनं मध्ये तोंड घातलं, पण भांडायला नाही. "तू सकाळी शूटिंगला जातेस. मग आई दिवसभर छताकडे बघत पडलेल्या असतात. शेजारीण येऊन भरवून जाते तेवढंच. तूच सांग, हे बरं का?"

चिमणीचा आवाज आणखी चढला. "आई कुठेही जाणार नाही. माझ्या जिवात जीव आहे तोवर तर नाहीच. विषय संपला."

दादानं खांदे उडवले. दोघं निघून गेले. आईच्या पायाची बोटं आखडली होती. दादाचाच राग आलाय, असं चिमणीनं धरलं आणि ती स्वयंपाकाला लागली.

शेवटच्या प्रसंगाचं शूटिंग आलं. तालमीत चिमणीनं सांगितल्याप्रमाणे मान खाली घातली. सगळं ठीक झालं. पण कॅमेरा सुरू झाला, थोरल्या मुलाचं काम करणारा नायक जवळ आला, त्याचा हात तिच्या मानेमागे सरकला, आणि चिमणीनं त्याचं मनगट धरलं.

जोरात नाही. फक्त सोडलं नाही.

नायकानं हात ओढून पाहिला. सुटेना. तो गोंधळला, दाईच्या त्या कोऱ्या चेहऱ्याकडे पाहत राहिला, आणि त्याच्या तोंडून लहान मुलासारख्या आवाजात निघालं, "दाई, सोड ना." हे वाक्य कुणीच लिहिलेलं नव्हतं. बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले.

"कट!"

दुसऱ्या टेकलाही तिनं मनगट धरलं. तिसऱ्यालाही. मग दिग्दर्शक उठला. "मुखवटा काढा."

काकांनी दाईचं डोकं उचललं. आतून घामानं भिजलेली, लालबुंद चिमणी बाहेर आली.

"हे काय चाललंय, ताई?"

"शेवट चाललाय."

"शेवट लिहिलेला आहे."

"लिहिणाऱ्यानं दाईला बाहेरून पाहिलंय. मी आत आहे."

"ती यंत्र आहे!"

"मग सिनेमाभर तिच्या भावनांचं एवढं कौतुक कशाला?" चिमणीनं घाम पुसला. "माया दिलीत तिला, ओढ दिलीत, मुलांसाठी झुरणं दिलंत. राग नाही दिलात, भीती नाही दिलीत. तुमच्या सोयीच्या तेवढ्याच भावना दिल्यात. ज्यानं तिला मारायचं त्याचेच आभार तिनं मानायचे? माझ्याच्यानं नाही होणार."

निर्माती बाई मागच्या खुर्चीवरून उठून पुढे आल्या. त्या थेट दिग्दर्शकाशीच बोलल्या. "सूटच्या आत कोण आहे हे प्रेक्षकाला कुठे कळतंय? दुसऱ्या कुणाला तरी घाला."

"घाला ना," चिमणी म्हणाली. "बारीक माणसं काय कमी आहेत जगात? पण माझी मान खाली जाणार नाही."

नायक इतका वेळ मनगट चोळत उभा होता. तो म्हणाला, "दुसऱ्या कुणालाही घाला, माझं काही म्हणणं नाही. फक्त आज आलं तसं रडू मला पुन्हा येईल असं समजू नका."

दिग्दर्शकानं कुणाकडेच पाहिलं नाही. "आज एवढंच," म्हणाला आणि निघून गेला. काका सूट उतरवताना कुजबुजले, "गेलं तुझं काम."

"जाऊ दे," चिमणी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आईला भरवत होती तेव्हा दारावरची बेल वाजली. दिग्दर्शक एकटाच आला होता. तिनं त्याला आईच्या खोलीतच बसवलं, कारण बसायची दुसरी खुर्ची तिथेच होती.

"मी मधला मार्ग काढलाय," तो म्हणाला. "दाई मनगट धरते, क्षणभर. मग सोडते, आणि मान खाली घालते. दोन्ही होईल."

"नाही."

"ताई, थोडं तरी माझं ऐका."

"अर्धवट नको. धरायचं तर धरायचं."

तो चिडला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "पण का? एवढं काय आहे त्या मनगटात?"

चिमणीनं वाटी खाली ठेवली. "तिला कुणी विचारलंच नाही हो. त्या पोरांना तिनं खाऊपिऊ घातलं, त्यांची दुखणी काढली. आणि एक दिवस सगळे मिळून ठरवतात आणि बटण दाबायला येतात. एकानं तरी विचारावं, दाई, तुला काय वाटतं?"

"आणि विचारल्यावर ती हो म्हणाली असती तर?"

"तर म्हणाली असती. थकली असेल ती. मग मीच मान खाली घातली असती. पण आधी विचारायला हवं होतं."

तेवढ्यात धप्प असा आवाज झाला. आईनं डाव्या हाताची मूठ गादीवर आपटली होती. पुन्हा एकदा आपटली, आणखी जोरात.

"त्या काहीतरी सांगतायत," दिग्दर्शक म्हणाला.

"काय गं? पाणी हवंय?" आईनं पेला ढकलला. "उशी सरकवू?" उशीवर ठेवलेला चिमणीचा हात तिनं झटकून टाकला, मग स्वतःच उशीखाली हात घातला आणि काहीतरी बाहेर ओढलं. दादानं आणलेलं ते पत्रक होतं. चुरगळलेलं, पण जपून ठेवलेलं.

चिमणीनं ते उलगडलं. आत्ता या पाहुण्यासमोर एवढं तावातावानं बोललो आणि आपण तरी हिला कधी विचारलं? दादा म्हणाला, घेऊन जाऊ. आपण म्हणालो, नेऊ देणार नाही. दोघंही हिच्या डोक्यावरून बोललो.

ती पलंगावर बसली. "आई, तुला तिथे जायचंय?"

आईनं तिचा हात धरून स्वतःकडे ओढला. हो.

"माझ्यावर रागावून?"

हात ढकलला. नाही.

"मग? इथे काय कमी आहे तुला?"

आईनं पत्रकावर बोट ठेवलं. स्वच्छ खोल्यांवर नाही, नर्सवर नाही. कोपऱ्यात एक छोटा फोटो होता. व्हरांड्यात एका टेबलाभोवती बायका पत्ते खेळत बसल्या होत्या. त्यातली एक तोंड उघडून कुणाशी तरी कडाकडा भांडत होती. आईचं बोट नेमकं तिच्यावर होतं.

चिमणीला हसू फुटलं आणि त्याच क्षणी रडूही. आई धडधाकट होती तेव्हा अख्ख्या गल्लीला पत्त्यांत रडवायची. हुकूम लपवणाऱ्याची खैर नसायची. आजारानंतर लोकांनी तिला औषध दिलं, भरवलं, पुसलं, पांघरूण घातलं. तिच्याशी भांडलं मात्र कुणीच नव्हतं.

"जा मग," चिमणी म्हणाली. "पण मला नाही हं आवडलेलं. सांगून ठेवते."

आईनं हात झटकला. तुला विचारतंय कोण?

दिग्दर्शक उठला. चिमणीकडे न पाहता पलंगाजवळ गेला आणि वाकून आईला म्हणाला, "येतो मी." ओरडून नाही. नेहमीच्या आवाजात. मग दारापाशी थांबून चिमणीला म्हणाला, "उद्या वेळेवर या. सूट घालायला वेळ लागतो."

दुसऱ्या दिवशी प्रसंग नव्यानं झाला. थोरला मुलगा बटणापर्यंत हात नेतो, थबकतो, आणि विचारतो, "दाई, तुला बंद करू?" चिमणीनं त्याचं मनगट धरलं आणि सोडलं नाही. कॅमेरा चालूच राहिला. दिग्दर्शकानं कट म्हणायला इतका उशीर केला की काकांना वाटलं, तो विसरला.

सिनेमा आला. कुणी डोक्यावर घेतला, कुणी नाकं मुरडली. यंत्रानं नकार देणं अशास्त्रीय आहे, असंही एका विद्वानानं लिहिलं. नामावलीत चिमणीचं नाव मात्र शोधून सापडेना. 'दाई' म्हणून फक्त आवाज देणाऱ्या नटीचं नाव होतं. चिमणी तडक निर्माती बाईंच्या ऑफिसात गेली.

"अहो, पण तुम्ही दिसता कुठे त्यात?" बाई म्हणाल्या.

"मनगट कुणी धरलं?"

"ते..."

"आवाजानं धरलं का?"

नाव लागेपर्यंत ती तिथून हलली नाही. ऑफिसातल्या लोकांनी तिला चहा दिला, पुन्हा चहा दिला, शेवटी पंखा बंद केला. ती बसून राहिली. पुढच्या आठवड्यात थिएटरांमध्ये गेलेल्या प्रतींत तिचं नाव नटीच्या नावाशेजारी, त्याच आकारात होतं.

दादा सिनेमा बघून आला. "छान आहे," म्हणाला. "जरा लांबला." आईला संस्थेत ठेवण्याची कल्पना मुळात आपली होती, हे तो येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत असे. चिमणीनं ते मनावर घेतलं नाही.

घर मात्र तिला खायला उठायचं. आईच्या खोलीत ती सवयीनं हळू पावलांनी जायची आणि रिकाम्या पलंगाकडे बघून परत फिरायची. आपण हरलो की काय, असंही कधी कधी वाटायचं.

मग एके सकाळी संस्थेच्या व्यवस्थापक बाईंचा फोन आला. त्या वैतागलेल्या होत्या. "तुमच्या आईंना जरा समजवा. इथला नियम आहे, चहा झाला की सगळ्यांनी आपापल्या खोलीत जायचं. यांनी चौघीजणींना फितवलंय. डाव संपल्याशिवाय कुणी उठत नाही. मदतनीस पत्ते उचलायला गेली तर तुमच्या आईंनी तिच्या हातावर फटका मारला!"

"कुठल्या हातानं?"

"डाव्या. का?"

"काही नाही. सहज विचारलं."

"हसताय काय? इथे शिस्त राहिली पाहिजे. तुम्ही येऊन त्यांना सांगा."

"मी नाही सांगणार," चिमणी म्हणाली. "कधी उठायचं ते तुम्हीच त्यांना विचारा. आणि विचाराल तेव्हा हात जरा लांब ठेवा."