दोनशे बारा वेळा 'चालू'

मित्रांनो, मी एक जुनी यादी आहे. कागदाची नव्हे, कॉम्प्युटरमधली. बडोद्यातल्या स्त्रियांच्या सार्वजनिक स्वच्छतागृहांची. माझ्यात दोनशे बारा ओळी आहेत आणि मला माझाच भयंकर राग येतो. का, ते ऐका.

माझा जन्म एका सरकारी कचेरीत झाला. शहराची माहिती सगळ्यांसाठी खुली करा, असा वरून हुकूम आला होता आणि मुदत त्याच संध्याकाळची होती. मोहनराव कारकुनांनी जुन्या रजिस्टरातून पत्ते उतरवले. शेवटचा रकाना होता 'स्थिती'. त्यांनी पहिल्या चौकोनात 'चालू' लिहिलं, त्याचा कोपरा माउसने धरला आणि सरळ तळापर्यंत ओढत नेला. झालं! दोनशे बारा वेळा 'चालू'. एवढ्यात त्यांचा चहासुद्धा निवला नाही. खुर्चीवरून कुणी उठलं नाही की एक दार कुणी ढकलून पाहिलं नाही.

तीन वर्षं माझ्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. मग कारेलीबागेतल्या योगिनीने मला उतरवून घेतलं. ही कॉलेजात शिकणारी मुलगी. तिने माझ्यावरून मोबाइलचं अॅप बनवलं. जिथे 'चालू', तिथे नकाशावर हिरवा ठिपका. स्पर्धेत तिला पहिलं बक्षीस मिळालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी मूर्खासारखी फुशारले.

लहरीपुऱ्याच्या बाजारात रखमाबाई फॉल-अस्तर विकायला बसतात. रोज डभोईहून बसने येतात. त्यांना मुतखड्याचा त्रास. डॉक्टर म्हणतात भरपूर पाणी प्या, पण बाजारात जायचं कुठे? म्हणून त्या दिवसभर कोरड्या घशाने बसत. योगिनी त्यांची नेहमीची गिऱ्हाईक. तिने त्यांच्या मोबाइलमध्ये अॅप घालून दिलं.

"मावशी, हा हिरवा ठिपका बघा. पाच मिनिटांवर आहे. आता पोटभर पाणी प्या."

रखमाबाईंनी विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अख्खी बाटली संपवली आणि माझ्या सदतिसाव्या ओळीकडे निघाल्या. तिथे दाराला गंजलेलं कुलूप होतं. आत कुणाची तरी पोती भरलेली जाळीतून दिसत होती. त्या तशाच घाईने परत फिरल्या, पण भर बाजारात व्हायचं ते झालं.

"तुझा काही वांक-दोष नाही, दीकरी," त्या योगिनीला म्हणाल्या. "पण लोकांसमोर माझं लुगडं भिजलं ना गं."

योगिनी तडक कचेरीत गेली. "साहेब, हे 'चालू' लिहिण्याआधी कुणी जाऊन बघितलं होतं?"

"अहो बेन, लिस्टमध्ये तर चालूच आहे ने?" मोहनराव म्हणाले. "तक्रार लिहून द्या. करू सुधारणा."

तिने दिली. आठ दिवसांनी माझी सुधारलेली प्रत आली. योगिनीने आशेने उघडली. त्यांनी काय सुधारलं असेल? 'स्थिती'चा रकानाच उडवून टाकला होता! कुलूप जागच्या जागी, आणि आता खोटं पकडायची सोयही नाही. मला हात असते तर मी तो माउस कचेरीच्या खिडकीतून बाहेर भिरकावला असता.

योगिनीने सगळे हिरवे ठिपके पुसले. माझ्यात तिने स्वतःचा रकाना घातला: 'कुणी पाहिलं, कधी पाहिलं'. दोनशे बाराच्या दोनशे बारा चौकोन रिकामे. पहिली नोंद रखमाबाईंनी सांगितली आणि तिने लिहिली: 'बंद. रखमाबाई. मंगळवार, दुपारी साडेबारा.' माझ्या आयुष्यातली ही पहिली खरी नोंद.

मित्रांनो, उद्या तुम्हीही मोठे होऊन माझ्यासारख्या याद्या भराल. तेव्हा आधी खुर्चीवरून उठा. चालत जा आणि दार स्वतःच्या हाताने ढकलून बघा. कारण तुमच्या एका शब्दावर विसंबून कुणीतरी पाणी पिणार असतं.

रखमाबाई आता पुन्हा पाणी पीत नाहीत. संध्याकाळी डभोईच्या बसमध्ये चढताना त्यांची बाटली सकाळी भरली तेवढीच भरलेली असते.