जिभेला चिकटणारा मणी

"धरली! मण्याने जीभ धरली!"

वाचनालयाच्या हॉलमध्ये शे-दीडशे माणसं टाचा उंचावून बघत होती. पुढच्या खुर्चीत माझी आई जीभ बाहेर काढून बसली होती आणि जिभेला एक तपकिरी मणी लोंबत होता. ना धागा, ना डिंक. मणीमहाराजांनी तो सगळ्यांदेखत फडक्याने पुसून लावला होता.

"विष दिसलं की माझा मणी सोडत नाही!" महाराज गरजले. मणी काढून त्यांनी पाण्याच्या पेल्यात टाकला. बुडबुडे निघाले. "हे बघा, विष बाहेर पडतंय!" मग तोच ओला मणी स्वतःच्या जिभेवर ठेवला. टपकन खाली पडला. "निरोगी जिभेवर टिकायचा नाही!" टाळ्यांचा कडकडाट.

माझं डोकं तापलं होतं. आईला हृदयविकार. डॉक्टरांच्या गोळ्यांवर सात वर्षं छान चाललं होतं. पण "गोळी घेतली की मणी रुसतो" असं महाराजांनी सांगितलं आणि बारा दिवस तिने गोळीला हात लावला नाही. आता जिना चढताना तिचे ओठ निळे पडत. मी रागावलो, पाया पडलो. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी आमच्या भाडेकरूंना घेऊन आलो. या दगडबाई. समुद्रापलीकडच्या देशातून आलेल्या, संग्रहालयात बसून प्राचीन हाडांवरची माती ब्रशने झाडतात. त्यांची एक खोड गल्लीभर प्रसिद्ध होती: वाटेत खडा दिसला की उचलायचा आणि चाटायचा. लोक हसत. खरं सांगतो, मीही हसलो आहे.

महाराज "अहो, अहो" म्हणेपर्यंत बाईंनी त्यांच्या पिशवीतला दुसरा मणी उचलून चाटलासुद्धा. तो चिकटला.

"बघा! हिच्यातही विष!" महाराज खूश. "येताना बरोबर घेऊन आली असेल!"

हॉल हसला. बाईंनी मणी सोडवला. "विष नाही, हाड आहे. लाखो वर्षांपूर्वी मेलेल्या जनावराचं."

आजवर महाराजांचे मणी चाटलेल्या पन्नासेक जणांनी एकदम तोंडं वाकडी केली.

"आमच्या कामात दगड की हाड ते कळेना, की चाटून बघतात," बाई म्हणाल्या. "दगड घसरतो. जुन्या हाडात बारीक भोकं असतात, ती जिभेवरचं पाणी शोषतात, म्हणून चिकटतं. पाण्यात टाकलं की भोकांतली हवा बुडबुडे होऊन निघते. भिजून तृप्त झालेलं हाड मग चिकटत नाही. महाराज तुम्हाला कोरडा मणी लावतात आणि स्वतः ओला घेतात."

"परकी बाई आम्हाला अक्कल शिकवणार?" महाराज ओरडले.

"माझं ऐकूच नका. करून बघा." कोपऱ्यात मातीची एक फुटकी कुंडी होती, वर्षानुवर्षं कोणी पाणी न घातलेली. तिच्या खापऱ्या बाईंनी वाटल्या. पाच मिनिटांत ग्रंथपाल, शिंपी, पोस्टमन, सगळ्यांच्या जिभांना खापऱ्या लोंबू लागल्या. आईच्याही.

"आता महाराज, कोरडा मणी तुम्ही लावा," बाई म्हणाल्या.

महाराजांच्या तोंडचं पाणी पळालं. पिशवी आवळत ते मागच्या दाराने सटकले.

आईने खापरी काढून हळूच विचारलं, "बाई, तुमच्याकडेही असतात का हो असले?"

"असतात. माझ्या वडिलांनी एकाचं ऐकून औषध सोडलं. मी तेव्हा दूर डोंगरात खडे चाटत होते." बाईंनी हातातला मणी उलटसुलट केला. "पोचले तोवर उशीर झाला होता."

मंडळी, आपल्याला सगळंच कळतं असं नाही. मला तरी कुठे हाडाची भोकं ठाऊक होती? पण "कोरडा मणी तुम्ही लावून दाखवा" एवढं म्हणायला शिक्षण लागत नाही. आणि औषध सोडा म्हणणाऱ्याला तर दारातही उभं करू नका.

आईने खापरी बाजूला ठेवली. मग माझ्याकडे हात पुढे करून म्हणाली, "गोळ्या आहेत का रे तुझ्याजवळ?"

खिशातच होत्या. बारा दिवस घेऊन हिंडत होतो.