चुलीपासून दोनशे कदम

दारूबंदीच्या कार्यात सरकारला ज्यांनी मनापासून साथ दिली, अशा गावांची यादी कोणी केलीच, तर तीत धसईजवळच्या खैरपाड्याचा क्रम फार वर लावावा लागेल. १९३८ सालच्या माघात या पाड्याने अबकारीचा एक नियम अक्षरन् अक्षर पाळला. एका विधवेने तर नियमाखातर आपल्या घरातली चूल उचलून टाकली. दारू दूर जावी म्हणून नव्हे. होती तिथेच राहावी म्हणून.

त्या विधवेचे नाव बाईजा. पाडा ठाकरांचा, टेकाडाच्या पलीकडे. बाईजाचे घर मात्र एकटेच अलीकडे, जत्रेच्या माळाला लागून. नवऱ्याचे भावांशी पटत नव्हते म्हणून त्याने ते तिथे बांधले, आणि मग भावांशी पटायच्या आत तो वारला. मागे राहिले कुडाचे घर, आणि घरापासून तीस पावलांवरचे एक मोहाचे झाड.

माघी पुनवेला माळावर वाघोबाची जत्रा भरे, आणि त्या मोहाखाली एका दिवसापुरता दारूचा सरकारमान्य गुत्ता लागे. गुत्तेदार मुरबाडचा गणूशेट. बाईजा स्वतः थेंबालाही शिवत नसे. पण पोटात दोन पेले गेले की माणसाला काहीतरी खारट, तिखट लागते, हे तिने नवऱ्यावरून ताडले होते. दर जत्रेला ती धसईच्या बाजारातून टोपलीभर सुके बोंबील आणी, ते चुलीच्या निखाऱ्यावर भाजी, तिखट-मीठ लावून पानावर देई. वास तीस पावले आपसूक जाई. त्या एका दिवसावर तिचे वर्षाचे मीठ-मिरची आणि एक लुगडे निघे. अंगावरच्या लुगड्याला यंदा इतकी ठिगळे होती, की मूळचे लुगडे कोणते, हे तिलाही सांगता आले नसते.

पण मुंबईत नवे मंत्रिमंडळ आले होते, आणि त्याला दारू आवडत नव्हती. जत्रेच्या पंधरा दिवस आधी दवंडी पिटली गेली: गुत्त्याला परवाना मिळेल, परंतु राहत्या घरापासून दोनशे कदमांच्या आत नाही.

गणूशेट स्वतः माळावर आला आणि मोहाखाली उभा राहून बाईजाच्या घराकडे असा पाहू लागला, की जणू ते काल रात्रीत उगवले.

"बाईजा, तुझं घर लय आडवं आलं गो."

"वीस वरसं हाय तिथंच हाय. तुमी नंतर आलाव."

"मला काय, मी गुत्ता पार तिकडं बोरवाडीच्या अंगाला नेईन. तिथं भिमी बसते चणे घेऊन. तुझंच बग."

भिमीचे नाव ऐकताच बाईजाने हातातली केरसुणी खाली ठेवली.

त्या संध्याकाळी टेकाडापलीकडे दीर कान्हाच्या अंगणात विचार झाला. पोलीस पाटील जयराम विडी ओढायला म्हणून आला होता, तोही थांबला. बोरवाडीच्या अंगाला गुत्ता गेला तर परत येताना चढ लागतो, आणि पिऊन चढ चढणे म्हणजे पैसे देऊन उतरवणे, यावर सर्वांचे एकमत झाले. पण घर कसे हलवायचे, यावर कोणी बोलेना. शेवटी जयराम पाटील म्हणाला, "राहतं घर, राहतं घर करतात. पन घर म्हंजे काय, ते कुठं सांगतात? आपल्यात तर चूल निराळी, त्याचं घर निराळं. घरपट्टीची यादी मी चुलीवरूनच करतो."

"म्हंजे चूल नसली तर?" कान्हाने विचारले.

"तर घर नाय. गोठा म्हन, गुरांचा वाडा म्हन."

बाईजाने रात्र उलटू दिली नाही. तीन दगडांची चूल तिने उपटली, दगड कान्हाच्या अंगणात आणून टाकले, आणि चुलीच्या जागी इतके दाट शेण सारवले की जमीन दोन बोटे वर आली. कान्हाची बायको जिवली म्हणाली, "वयनी, सासूबाय जित्या व्हत्या तवा तुमाला एका चुलीवं आनायला किती मरत व्हत्या. सरकारनं एका दवंडीत केलं."

"जत्रंपुरतं गो," बाईजा म्हणाली. "हुरळू नको."

चार दिवसांनी जागा पाहायला अबकारी इन्स्पेक्टर आले. नवीन होते, कॉलेजात शिकलेले, आणि कायदा जसा लिहिला आहे तसा असतो, या समजुतीत होते. बगलेत छापील पुस्तक, मागे नवसू शिपाई. नवसू बुटका होता, त्यामुळे त्याचे दोनशे कदम म्हणजे दुसऱ्या कोणाचे दीडशे. गणूशेटने त्याच्यासाठी मुरबाडाहून पान आणले होते.

"हे घर आहे," साहेब बाईजाच्या दारात उभे राहून म्हणाले. ते तसे खोटे नव्हते.

"चूल नाय, सायब," जयराम पाटलाने अदबीने सांगितले, आणि चुलीवरून घर मोजायची गावची रीत समजावली. साहेबांना ती आवडली. राहते घर म्हणजे काय, हा प्रश्न त्यांना मुरबाडपासून छळत होता आणि पुस्तकात त्याचे उत्तर नव्हते.

त्यांनी वाकून आत पाहिले. "इथे कोण राहतं?"

"मी," बाईजा म्हणाली. मागे गणूशेटने डोळे मिटले.

"मग जेवतेस कुठे?"

"दिराकडं."

"आणि निजतेस?"

"हितं."

साहेब विचारात पडले. जयराम पाटील म्हणाला, "निजतं तर गुरूबी, सायब. म्हनून गोठ्याला कोन घर म्हनतं?"

साहेबांनी छपराकडे बोट दाखवले. आतला पेंढा डांबरासारखा काळा होता. "हा धूर कसला?"

"मालक व्हता तवाचा," बाईजा म्हणाली. "त्याच्यामागं मी पुसला नाय."

साहेबांनी बोट खाली घेतले. त्यांनी वहीत लिहिले, 'निजण्याची जागा; राहते घर नव्हे', आणि मोहाखाली गुत्त्याला मान्यता दिली. जाताना त्यांनी बाईजाला दिवंगतांच्या नातेवाइकांना करतात तसा नमस्कारही केला. त्या दिवशी कान्हाच्या अंगणात वाघोबाला नारळ फुटला.

पुनवेच्या दिवशी सकाळी मोहाखाली मांडव लागला, पिंपे उतरली, पताका लागल्या. बाईजाने टोपलीत बोंबील भरले, दिराकडून तीन दगड डोक्यावर घेऊन ती घरी आली, आणि दगड मांडते न मांडते तोच गणूशेट धोतर सावरत धावत आला.

"काय करतेस?"

"चूल."

"आगो, चूल पेटली तर ते घर झालं. घर झालं तर माझा परवाना गेला. खाली लिवलंय, सायबाची सही हाय. दोनशे कदमांत चूल दिसली की गुत्ता बंद. तो नवसू त्याच्यासाठीच ठेवलाय."

नवसू मांडवाच्या खांबाला टेकून पान खात होता. त्याने मान डोलावली.

बाईजा दगडांकडे पाहत उभी राहिली. "मंग बोंबील कशावं भाजू?"

"माझ्या कपाळावं भाज. पन चूल नको."

हे कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. गुत्ता दाराशी राहावा म्हणून चूल काढली. आता चूल नाही म्हणून गुत्ता दाराशी असून नसून सारखा. जयराम पाटील म्हणाला, तसे कच्चे विकून बघ. पण कच्चा सुका बोंबील खायला माणूस इतका प्यालेला लागतो, की मग त्याला भूक उरत नाही.

शेवटी तिने दगड पुन्हा डोक्यावर घेतले आणि नवसूला म्हणाली, "चल, मोज." नवसूने मोहापासून उताराने कदम टाकायला सुरुवात केली. शंभर झाले, दीडशे झाले. दोनशेवा कदम ओहोळाच्या मधोमध पडला. बाईजा गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेली आणि एका कातळावर तिने आपले घर मांडले. सरकारी व्याख्येप्रमाणे ती आता तिथे राहत होती.

वारा मात्र सरकारी नव्हता. भाजलेल्या बोंबलाचा वास त्याने मोहाखाली नेऊन पोचवला, आणि दुसऱ्या पेल्यानंतर माणसे उठून उताराला लागली. मध्ये कापलेल्या भाताची खाचरे, सहा बांध. पहिला बांध सगळे हसत चढले. तिसऱ्यावर काही बसले. पाचव्यापर्यंत निम्मे वाटेत आडवे झाले होते. उरले ते ओहोळात शिरले, आणि माघातले ते पाणी पिंढऱ्यांना लागताच त्यांची खाडकन उतरली. कमळू नावाचा एक जण तर बाईजासमोर उभा राहून डोके खाजवू लागला.

"मी हितं कशाला आलो व्हतो?"

"बोंबील खायाला."

"भूक नाय गो," कमळू म्हणाला. "पन उतरली बग पार." आणि तो मागे फिरून पुन्हा मोहाकडे चढू लागला. त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. बाईजा पाहतच राहिली. तिच्याकडे येणारा प्रत्येक जण दुसऱ्यांदा गणूशेटचेच गिऱ्हाईक बनून परत जात होता.

मग तिने कान्हाला पळसाच्या पानात भाजलेले बोंबील देऊन वर धाडले. पहिल्या खेपेला ते पोचेपर्यंत गार आणि लिबलिबीत झाले. दुसऱ्या खेपेला कान्हाच परत आला नाही.

तिसऱ्या प्रहरी इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला आले. मोहाखालची व्यवस्था पाहून ते कदम मोजत ओहोळाशी पोचले, बूट काढून हातात घेऊन पलीकडे आले, आणि कातळावर बसले. बाईजाने न विचारता त्यांच्यापुढे बोंबलाचे पान ठेवले. साहेब पीत नसत, पण सकाळपासून जेवलेही नव्हते.

"चांगला आहे," ते म्हणाले. "विक्री कशी आहे?"

बाईजाने टोपली पुढे सरकवली. निम्मी भरलेली होती. मग ती म्हणाली, "सायब, ते बुकात काय लिवलंय ते मला एकदा वाचून दावा. तेवढं अक्षर तरी बगून घेते."

साहेबांनी मांडीवर पुस्तक उघडले आणि कलम मोठ्याने वाचले. राहत्या घरापासून, दोनशे कदम, सगळे होते तसेच होते. ओळ पुरी करायला त्यांनी बोट ओले करून पान उलटले, दोन ओळी वाचल्या, आणि थांबले. मग त्याच दोन ओळी त्यांनी मनात पुन्हा वाचल्या.

"काय झालं?" बाईजाने विचारले.

"हे कलम बारमाही दुकानांचं आहे," साहेब म्हणाले. "जत्रेच्या दुकानाचं पुढे वेगळं दिलंय."

"त्याला किती कदम?"

"त्याला कदम नाहीत."

बाईजाने वर मोहाकडे पाहिले. मग म्हणाली, "मंग चूल घरी नेऊ?"

"ने," साहेब म्हणाले, आणि त्यांनी आणखी एक बोंबील घेतला.

दगड तापलेले होते. ते ओहोळात गार करावे लागले. ते डोक्यावर घेऊन, टोपली कमरेवर घेऊन, सहा बांध आणि त्यांवर निजलेली माणसे ओलांडत बाईजा घरी पोचली आणि तिने चूल मांडून पेटवली, तेव्हा साडेचार झाले होते. गुत्त्यातली दारू चारलाच संपली होती.